परमिट रूम गेली तेव्हा रात्र मिळाली: जळगावच्या एका गेमिंग कॉम्प्लेक्सचं प्रकरण

जळगाव शहर संपतं तिथं, हायवेला लागून, एका कुटुंबाची डाळ मिल होती. धंदा मंदावत गेला, भावांच्या वाटण्या झाल्या, यंत्रं भंगारात गेली आणि पत्र्याचं मोठं शेड तेवढं उभं राहिलं. 2024 च्या जानेवारीत घरातल्या थोरल्या आप्पांनी मला बोलावून घेतलं. मी सिव्हिल इंजिनियर. नकाशे, मंजुऱ्या आणि साइटवरची देखरेख हे माझं वीस-बावीस वर्षांचं काम. त्यांची दोन घरं मीच बांधलेली, म्हणून ते मला भाऊ म्हणतात.

धाकटा मुलगा पुण्याहून शिकून आला होता. त्यानं लॅपटॉप उघडून सगळं दाखवलं: बोलिंगच्या 4 लेन, आर्केड, 60 गेमिंग पीसींचा हॉल, स्टेज, त्यामागे मोठी एलईडी स्क्रीन, फूड कोर्ट, आणि वर पोटमाळ्यावर डीजे आणि परमिट रूम. "भाऊ, आपली पोरं शनिवार-रविवार नाशिकला, पुण्याला जातात. त्यांना हे इथंच मिळालं पाहिजे," तो म्हणाला. बोलण्यात जिद्द होती, आणि खोटंही काही नव्हतं. जळगावात संध्याकाळी कॉलेजच्या पोराला जायला जागा कुठे आहे? मेहरूण तलावावर एक चक्कर, एखादा सिनेमा, चौकातला चहा. त्यानंतर भाड्याच्या खोलीवर कूलरसमोर मोबाइल.

ते कॉम्प्लेक्स उभं राहिलं, अडखळलं, मग सावरलं. गेल्या काही महिन्यांत भुसावळच्या एकानं आणि धुळ्याच्या एकानं माझ्याकडे 'तसाच' नकाशा मागितला. दोघांनाही मी आधी ही हकिकत ऐकवली. घरच्यांच्या परवानगीनं, नावं न घेता, तीच इथं लिहितो. आमची मुख्य चूक मशीनची, पैशाची किंवा जाहिरातीची नव्हती. एकाच छपराखाली, एकाच दारातून, 17 वर्षांच्या खेळाडूला आणि 35 वर्षांच्या पिणाऱ्याला आत घेता येईल असं आम्ही धरून चाललो होतो.

खेळणारा कोण

पुण्या-मुंबईचे नमुने पाहून काढलेल्या नकाशात पीसीला मान असतो. व्हॅलोरंटसारखा पाच-पाच जणांचा नेमबाजीचा खेळ मुख्यतः पीसीवर होतो, त्यामुळे 60 पीसी हा आकडा कागदावर भारदस्त दिसला. आपल्याकडचा खेळाडू मात्र मोबाइलवर वाढला आहे. 2 सप्टेंबर 2020 ला पबजी मोबाइलवर बंदी आली, जुलै 2021 मध्ये त्याचाच भारतासाठीचा अवतार बीजीएमआय आला, जुलै 2022 मध्ये तोही स्टोअरवरून गेला आणि मे 2023 मध्ये परतला. या सगळ्या काळात पोरांनी पीसी घेतले नाहीत. त्यांनी फोन बदलले. बापाच्या केळीचा हिशोब आला की नवा फोन, हे मी माझ्या नात्यातच पाहिलंय.

या पोरांना भाड्यानं यंत्र नको होतं. फोन त्यांच्या खिशातच होता. चार जणांचं स्क्वॉड एका टेबलाभोवती बसेल अशी जागा, गार हवा, चार्जिंग आणि स्थिर पिंग (फोनचा निरोप गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात), एवढंच त्यांना हवं होतं. उद्घाटनानंतर महिनाभरात हे आम्हाला डोळ्यांनी दिसलं: पीसीच्या खुर्चीवर बसून, पीसी बंद ठेवून, पोरं मोबाइलवर बीजीएमआय खेळायची. त्या खुर्चीचं तासाचं भाडं देऊन.

वय ही दुसरी गोष्ट, आणि इथं नकाशाला भेग होती. सराव करणारी मुलं साधारण 16 ते 22 वयाची. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी किमान वय 21, त्याहून कडक दारूसाठी 25. म्हणजे खाली बसणाऱ्यातल्या बहुतेकांना वरच्या मजल्यावर कायद्यानं ग्लास देता येत नाही, आणि वर बसणाऱ्याला खालच्या खेळाशी देणंघेणं नाही. दोन वेगळी गिऱ्हाइकं आम्ही एका जिन्यानं जोडली. तो जिना मी काढला होता. स्त्रियांचं स्वच्छतागृह त्याच जिन्याखाली बसवलं, कारण तिथं ड्रेनेजची जुनी लाइन होती आणि खोदाई वाचत होती. कागदावर ती बचत होती. प्रत्यक्षात, वर पिऊन उतरणाऱ्या माणसांच्या वाटेतून प्रत्येक मुलीला जावं लागायचं. मुली दुपारी यायच्या आणि चार वाजले की निघून जायच्या. कारण कुणी बोलून दाखवलं नाही. मला ते कळायला तीन महिने लागले, आणि तेही माझ्या बायकोनं एकदा तिथं येऊन सांगितलं तेव्हा.

25 मे 2024

त्या आठवड्यात आमच्या शेडमध्ये पोटमाळ्याचं वेल्डिंग चालू होतं. लोखंडी गर्डर, त्यावर चेकर्ड प्लेट, एक जिना. खाली भिंतीलगत आवाज शोषायला आणलेल्या फोमच्या शीट्स रचून ठेवलेल्या, जनरेटरच्या डिझेलचे दोन कॅन कोपऱ्यात. शनिवारी संध्याकाळी राजकोटच्या गेम झोनची बातमी आली. पत्र्याचं बांधकाम, आत वेल्डिंगचं काम, साठवलेलं इंधन, बाहेर पडायला अपुरी वाट. 27 माणसं गेली, त्यात लहान मुलं होती.

मी रविवारी सकाळी साइटवर गेलो आणि आमच्या शेडमध्ये उभा राहून एकेक वस्तू पाहिली. फोम. डिझेल. एकच जिना. वेल्डिंगची ठिणगी जिथं पडत होती, तिथून फोम आठ-दहा फुटांवर. काम थांबवलं. धाकट्याला फोन केला तर तोही टीव्हीसमोरच बसलेला होता, त्यानं एका शब्दानं वाद घातला नाही. वाद झाला तो पैशाचा, आणि तो आप्पांच्या मोठ्या मुलाशी: दुसरा जिना म्हणजे खालची 12 टेबलं जाणार. मुंबईत 29 डिसेंबर 2017 ला कमला मिल्समध्ये 14 जण गेले होते, त्याची आठवण आप्पांनीच काढली. "टेबलं जाऊ दे," एवढंच ते म्हणाले.

फोम परत गेला, त्या जागी रॉकवूल आणि वर जिप्सम बोर्ड आला. कुठल्याही खुर्चीपासून दोन वेगळ्या दिशांना दार दिसलं पाहिजे, सगळी दारं बाहेर उघडली पाहिजेत आणि नुसत्या धक्क्यानं उघडली पाहिजेत, डिझेल शेडबाहेर वेगळ्या खोलीत. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैला परवानाधारक एजन्सीकडून घ्यावं लागतं. पुष्कळ ठिकाणी ते कागद म्हणून घेतात. आम्ही त्या दिवशी पंप चालवून, होज रील उलगडून, शेडच्या मागच्या टोकापर्यंत पाणी पोचतं का ते पाहतो. धुळ्याच्या माणसाला मी सांगितलं, इथं एक रुपया वाचवायचा असेल तर नकाशा दुसऱ्याकडून काढून घ्या.

पहिली लॉबी

डिसेंबर 2024 मध्ये उघडलं. पहिल्या रविवारी बीजीएमआयची स्पर्धा ठेवली: 16 स्क्वॉड, 64 खेळाडू, एक लॉबी, म्हणजे सगळे एकाच सामन्यात. रूम आयडी आणि पासवर्ड पडला, सगळे आत गेले, खेळातलं विमान उडालं, आणि तिसऱ्या मिनिटाला हॉलभर ओरडा सुरू झाला. 35-40 वर असलेलं पिंग 300 च्या पुढे. एका स्क्वॉडचा आयजीएल, म्हणजे खेळताना डावपेच ठरवणारा कप्तान, दरवाजाआड उभा असतानाच मेला, कारण त्याच्या स्क्रीनवर समोरचा शत्रू अजून जिन्यावरच दिसत होता. त्यानं फोन टेबलावर उलटा ठेवला आणि डोळे पुसले. 19 वर्षांचा मुलगा, चोपड्याहून आलेला, महिनाभर सराव केलेला.

धाकट्याला वाटलं लाइन कमी पडली. लाइन मुबलक होती. गेमला डेटा फार लागतच नाही. गोलाणी मार्केटमधून आलेल्या नेटवर्कवाल्या पोरानं लॅपटॉपवर बघून दहा मिनिटांत नेमकं सांगितलं. वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलतं, बाकीची थांबतात. ग्रामसभेत एकदम शंभर जण उठून बोलायला लागले तर सरपंचाला कुणाचंच ऐकू येत नाही, तसं. आमचे 64 खेळाडू आणि बघायला आलेले दोन-अडीचशे लोक एकाच नावाच्या वायफायवर, तेही बहुतेक 2.4 गिगाहर्ट्झवर, जिथं एकमेकांवर न चढणारे चॅनेल फक्त 3 असतात. त्यात प्रेक्षकांतला प्रत्येक जण तोच सामना फोनवर लाइव्ह बघत होता.

उपाय स्वस्त निघाला. खेळाडूंचं नेटवर्क वेगळं, फक्त 5 गिगाहर्ट्झवर. वायफाय सोडणारा एक मोठा ॲक्सेस पॉइंट काढून सहा लहान, कमी ताकदीवर लावलेले, दर दोन-तीन टेबलांमागे एक. प्रेक्षकांचं नेटवर्क वेगळं आणि त्यावर वेगाची मर्यादा. स्टेज, स्क्रीन आणि कास्टरची, म्हणजे समालोचकाची, यंत्रं सगळी केबलवर. नेटवर्कच्या रॅकला ऑनलाइन यूपीएस, कारण लाइट जाऊन जनरेटर चालू होईपर्यंतचे काही सेकंद माणसाला जाणवत नाहीत, पण राउटर पुन्हा उठायला मिनिट-दोन मिनिटं घेतो आणि तेवढ्यात अख्खी लॉबी बाहेर पडते. पुढच्या रविवारी ती 16 च्या 16 स्क्वॉड पुन्हा फुकट बोलावली. चोपड्याचा तो मुलगा आला.

फाटकावर

फेब्रुवारी 2025. रात्रीचे साडेदहा. मी पार्किंगच्या फरशीचं काम बघून निघालो होतो. फाटकावर एक गृहस्थ मोटरसायकल लावून उभे. डोक्याला रुमाल, अंगात स्वेटर, पारोळ्याकडचे शेतकरी. वॉचमनला विचारत होते, "मन्हा पोऱ्या आठे शे का?" मुलाचं नाव सांगितलं, वय 18. मी म्हटलं, दादा, आत या, बघू. ते दाराशी आले आणि थांबले. दारावर दोन बोर्ड होते. एक गेमिंग अरेनाचा, त्याच्या वर, त्याहून मोठा, परमिट रूमचा. दोन्ही बोर्डांच्या खाली एकच दार.

त्यांचा मुलगा आत बारा नंबरच्या टेबलावर हेडफोन लावून बसला होता, समोर लिंबू सोडा. त्यानं बापाला पाहिलं आणि हेडफोन काढून उभा राहिला. बाप ओरडले नाहीत. मला म्हणाले, "भाऊ, त्यानं सांगितलं खेळायला जातो. खोटं नव्हता बोलत तो. पण मी गावात काय सांगू, कुठून आणलं त्याला?"

ते मुलाला घेऊन गेले. त्याच्या स्क्वॉडची उरलेली तिघं आठवडाभर आली, चौथा मिळाला नाही, मग तीही बंद झाली. चार जणांच्या खेळात एका घराचा नकार चार गिऱ्हाइकं घालवतो, हे गणित आम्ही कधी मांडलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी धाकट्यानं आणि मी बुकिंगचं रजिस्टर चाळलं. येणं थांबलेल्या स्क्वॉड बहुतेक अशा होत्या ज्यांत एखादा तरी मुलगा बाहेरगावचा, किंवा अठराच्या आतबाहेरचा. पोरं खेळायचं सोडत नव्हती. आमच्याकडे यायचं सोडत होती.

खान्देशाला रात्रीची करमणूक नवी नाही, हे इथं सांगायला हवं. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार आणि तमाशाच्या कनाती, गावोगावच्या जत्रांत पहाटेपर्यंत चालणारा फड, कानबाईच्या रात्रीचं जागरण. घरचे लोक रात्रीला घाबरत नाहीत. आत काय चालतं हे बाहेरून कळत नाही, तेव्हा त्यांच्या मनात शंका येते. त्यात 'व्हिडिओ गेम पार्लर' या शब्दाला आपल्याकडे जुगाराचा जुना वास आहे. त्या बापाच्या जागी मी असतो तर मीही मुलाला घेऊन गेलो असतो.

अखाजीचा डाव

30 एप्रिल 2025 ला अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. बायकांचे झोके, गौराईची गाणी, आमरस, सांजोऱ्या, आणि पुरुषांचे पत्ते. अखाजीला पत्त्यांवर पैसे लावणं खान्देशात कुणाला वावगं वाटत नाही. धाकट्यानं त्याच दिवशी स्पर्धा ठेवली: प्रत्येक स्क्वॉडनं पैसे टाकायचे, जमलेली सगळी रक्कम जिंकणाऱ्याची. 'विनर टेक्स ऑल' असा फलकही छापून आला होता. मी त्याला म्हटलं, हा खेळ नाही राहिला, हा डाव झाला. तो म्हणाला, भाऊ, अखाजीला सगळेच खेळतात.

तोंडी भांडण झालं आणि मी उठून आलो. संध्याकाळी आप्पांनी फलक उतरवला. नोंदणी शुल्क फक्त व्यवस्थेच्या खर्चापुरतं आणि बक्षीस कॉम्प्लेक्सनं आपल्या खिशातून आधी जाहीर केलेलं, असं ठरलं. तेव्हा हे निव्वळ विवेकानं केलं होतं. चार महिन्यांत संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड. ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता: प्रवेशासाठी किंवा व्यवस्थेच्या खर्चासाठी शुल्क चालतं, कामगिरीवर बक्षीस चालतं, पैज चालत नाही. डिसेंबर 2022 मध्येच केंद्रानं ई-स्पोर्ट्स क्रीडा खात्याच्या कक्षेत आणले होते. आता रेघ स्पष्ट झाली आणि आम्ही तिच्या बऱ्या बाजूला होतो.

स्टेजमागे पैसे लावून खेळायच्या एका फँटसी ॲपचा मोठा फलक होता, त्याचे पैसे यायचे. तो उतरला. ते उत्पन्न गेलं, आणि ते थोडं नव्हतं.

उन्हाळा

जळगावचा मे म्हणजे 45 अंशांच्या आसपास, आणि पत्र्याखाली त्याहून वाईट. त्यात पीसींची भर. खेळ चालू असताना एक गेमिंग पीसी साडेचारशे-पाचशे वॅट खातो आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. 60 पीसी म्हणजे 27 ते 30 किलोवॅट. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे नुसत्या पीसींसाठी आठेक टन. माणूस बसल्या जागी शंभरेक वॅट देतो, 120 माणसांचे आणखी साडेतीन टन. छताचं तर अजून धरलंच नाही. आणि आधी ते पीसी चालवायची वीज, मग त्यांची उष्णता बाहेर काढायची वीज, दोन्ही महावितरणच्या व्यावसायिक दरानं.

मोबाइलवर खेळणारं पोर काही वॅटमध्ये तेवढेच तास बसतं आणि तेवढंच भाडं देतं. हा हिशोब मी एका कागदावर मांडून धाकट्याला दाखवला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. 60 पीसी त्याची हौस होती. जूनमध्ये 40 विकले. 20 ठेवले: व्हॅलोरंटच्या चार टीम, एका वेळी दोन सामने. रिकाम्या जागेत चार-चार जणांची 16 टेबलं, म्हणजे बीजीएमआयची बरोबर एक लॉबी. छताला वरून पांढरा उष्णतारोधक लेप आणि आतून उष्णता अडवणारं पॅनल. बोलिंगबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, ते सुरुवातीपासून ठीक चाललंय.

आवाज आणि वेळ

शेडमागे दोनशे फुटांवर कॉलनी आहे. डीजेचा बेस पत्र्याला धरतो आणि पत्रा तो आणखी पुढे ढकलतो. भिंती कितीही भरा, छत बोलतंच. रहिवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे आणि रात्र मोजतात 10 पासून. म्हणजे डीजेला ज्या वेळी गर्दी हवी, त्याच वेळी आवाज उतरवायचा. वर परमिट रूमला बंद करायची ठरलेली वेळ. ती झाली की एकच दार असल्यामुळे खालचं गेमिंगही बंद. पोरांचे ऑनलाइन सामने, स्क्रिम्स म्हणजे दुसऱ्या टीमशी सरावाचे सामने, रात्री नऊ-दहाला रंगात येतात. आम्ही त्यांना मधेच उठवून घरी पाठवत होतो.

1 ऑक्टोबर 2025 ला राज्य शासनानं पुन्हा स्पष्ट केलं: दुकानं, हॉटेलं आणि इतर आस्थापना 24 तास उघड्या ठेवता येतात, दारू देणाऱ्या आस्थापना सोडून. बातमी वाचून मी 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आणि त्याच डिसेंबरची अधिसूचना काढून बसलो. मुभा तेव्हापासूनच होती. परमिट रूम, बिअर बार, हुक्का पार्लर अशांना वेळेचं बंधन, बाकीच्या बहुतेकांना नाही. हे मी कामगारांच्या रजा-पाळ्यांचा कायदा म्हणून ठेवून दिलं होतं. आम्हाला जी रात्र हवी होती ती परमिट रूममुळेच अडली होती, हे माझ्या नजरेतून पावणेदोन वर्षं निसटलं, आणि त्या कुटुंबाची माझ्यावर भिस्त होती. हे मला लागलं, अजून लागतं.

त्या रविवारी आप्पांच्या घरी जेवायला बसलो. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. जेवणं होईपर्यंत विषय काढायचा नाही असं आप्पांनी आधीच सांगितलं होतं. मग मोठा मुलगा बोलला, आणि त्याचं म्हणणं हलकं नव्हतं: परमिट रूमचा गल्ला रोज रात्री मोजता येतो, गेमिंगचा महिन्याअखेरीस कळतो, कर्जाचा हप्ता आहे, मार्चपर्यंतची लायसन्स फी भरलेली आहे. धाकटा म्हणाला, जी पोरं आलीच नाहीत त्यांचा गल्ला आपण कधी मोजलाच नाही. आप्पांनी मला विचारलं, "भाऊ, ते पारोळ्याचे पाव्हणे परत आले का कधी?" मी म्हटलं, नाही. दिवाळीपूर्वी परमिट रूम बंद झाली.

तोटा झाला, हे लपवायचं नाही. दोन महिने हप्ता जुन्या ठेवीतून गेला. वरच्या मजल्यावर आता मुलींच्या स्क्वॉडसाठी बंद खोली, व्हिडिओ बनवणाऱ्यांसाठी दोन लहान खोल्या आणि पालकांना बसायला जागा आहे, तिथून काचेतून खालचा सगळा हॉल दिसतो. स्त्रियांचं स्वच्छतागृह पुढच्या बाजूला हलवलं. खोदाई करावी लागली, ती केली. रात्री 10 नंतर अठराखालच्याला पालक सोबत असल्याशिवाय थांबता येत नाही. 2023 मध्ये परत येताना बीजीएमआयनंच अठराखालच्यांना दिवसाला 3 तासांची मर्यादा घातली, त्यामुळे हा नियम पटवायला फार बोलावं लागत नाही. काउंटरवर दोन मुली रात्रपाळीला आहेत. साडेनऊनंतरच्या कामाला त्यांची लेखी संमती घेतली, घरी सोडायला गाडी ठेवली. फूड कोर्टात रात्री एकला शेवभाजी-भाकरी खपते, ती कॉकटेलच्या यादीत कुणाला सुचली नसती.

भुसावळच्या माणसाला परमिट रूम हवीच आहे. त्याला मी सांगितलं, ठेव, पण वेगळ्या इमारतीत, वेगळ्या फाटकानं, वेगळ्या नावानं, आणि मध्ये एवढं अंतर की रस्त्यावर उभ्या बापाला एकाच नजरेत दोन्ही बोर्ड दिसू नयेत. त्याच्याकडे तेवढी जागा नाही. अजून विचार करतोय.

एक गोष्ट आम्हाला सुटलेली नाही. रात्रीची लॉबी दीड-दोनला संपते आणि अमळनेर, चोपडा, पाचोऱ्याच्या पोरांची एसटी पहाटेची. थंडीत मोटरसायकलवर हायवेनं त्यांना सोडावंसं आप्पांना वाटत नाही. डिसेंबरमध्ये पहिल्या रात्रभराच्या स्पर्धेला मी पहाटे तीनला गेलो तर पंधरा-वीस पोरं स्टेजसमोर ओळीनं झोपलेली, चपला एका बाजूला नीट लावलेल्या. आप्पांनी संध्याकाळीच एमआयडीसीतल्या ओळखीच्या कारखान्यातून प्लास्टिकच्या चाळीस चटया आणून ठेवल्या होत्या. ते स्वतः पालकांच्या खुर्चीत, शाल पांघरून, काचेतून खाली बघत बसले होते.